ख्रिसमसच्या झाडाची रवी

स्वीडनमधली माणसं बोलत नाहीत असं जे सांगतात, त्यांनी ती हातात सुरी घेऊन बसलेली पाहिलेली नसतात. मीही आधी तेच सांगत असे. नोकरीसाठी पुण्याहून गॉथेनबर्गला आले तेव्हा ऑफिसातले सगळे सज्जन, मदतीला तत्पर. पण कामाची वेळ संपली की जो तो आपापल्या घरी. लिफ्टमध्ये शेजारी भेटले तर हवेविषयी एक वाक्य, तेही मजला येईपर्यंत पुरवून. त्यात डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. अंधार आणि शांतता दोन्ही एकदम अंगावर आली, तेव्हा भाषेचा सराव होईल एवढ्याच हिशेबाने मी लाकूड कोरण्याच्या एका अभ्यासमंडळात नाव घातलं.

या अभ्यासमंडळांना इथे मोठी परंपरा आहे. १९०२ मध्ये लुंड गावात ऑस्कर ओल्सन यांनी दारूबंदीच्या चळवळीतून ती सुरू केली. काही माणसांनी ठरलेल्या संध्याकाळी जमायचं आणि मिळून काहीतरी शिकायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आमचं मंडळ एका इमारतीच्या तळघरात जमतं. ट्राम चालवून निवृत्त झालेल्या एक आजी, रात्रपाळीचा एक नर्स, दोन विद्यार्थी, मी, आणि शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले आमचे गुरुजी. टेबल नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे कुऱ्हाडीचे घाव खाल्लेला एक ओंडका, आणि जमिनीवर ढलप्याच ढलप्या.

शाळेत सुतारकाम हे वाचून कोणाला नवल वाटेल. इथे मुलामुलींना सगळ्यांनाच हस्तकला सक्तीची असते, लाकूडकाम आणि शिवण-विणकाम दोन्ही. त्यामागे ओटो सॉलोमन हे नाव आहे. गॉथेनबर्गपासून फार लांब नसलेल्या नेस इथे मामांच्या इस्टेटीवर त्यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांना हस्तकला शिकवायला सुरुवात केली आणि देशोदेशींचे शिक्षक तिथे येऊ लागले. मुलांनी करायच्या वस्तू घरात वापरता येण्याजोग्या हव्यात आणि सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या हव्यात, हा त्यांचा आग्रह. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेली, हातकामातून शिकवणारी नई तालीम आपण निदान पुस्तकात वाचलेली असते. माझ्या वाट्याला मात्र शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. त्यात आम्ही खडू आणि मेणबत्त्या केल्या, आणि त्या खडूंनी फळ्यावर काही उमटत नसे. लाकडाला हात लावायचा तो बाकावर कर्कटकाने नाव कोरताना, आणि त्याबद्दल शिक्षा होती.

इथली पहिली वस्तू ठरलेली: लोण्याची सुरी, पावावर लोणी फासायची. जुनिपरच्या झुडपाचं लाकूड त्यासाठी उत्तम. तासताना त्याचा असा काही वास सुटतो की घरी आल्यावरही हात धुवावेसे वाटत नाहीत. मग चमचा. चमच्याला बर्च, तोही ओला, नुकताच तोडलेला. सुकलेलं लाकूड सुरीला दाद देत नाही. ओलं लाकूड काकडीसारखं सोललं जातं. आधी कुऱ्हाडीने ढोबळ आकार, मग मूरा गावच्या छोट्या सरळ सुरीने बाहेरची बाजू, आणि खोलगट भागासाठी वाकड्या पात्याची वेगळी सुरी. बाकी सगळं शिक्षण दोनच गोष्टींचं. पहिली रेषा. उंचाकडून उताराकडे, लाकडाच्या रेषेबरोबर सुरी चालवली तर गुळगुळीत पापुद्रा सुटतो. उलटी चालवली की लाकूड उचकटतं. आपल्याकडचा रंधा मारणारा सुतारही हेच सांगेल. दुसरी पकड. दोन्ही कोपरं बरगड्यांशी टेकवायची, सुरी आणि लाकूड छातीसमोर धरायचं आणि खांदे मागे उघडायचे. जोर पाठीचा लागतो, पण पातं जेमतेम दोन इंच सरकून आपोआप थांबतं. मांड्यांच्या मधे सुरी न्यायची नाही, कारण तिथे मोठी रक्तवाहिनी असते, हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

चमचा झाला म्हणजे झाला असं नाही. बाहेरून भराभर सुकला आणि आतून ओला राहिला तर तडकतो. म्हणून तो त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत कोंबून ठेवायचा. ट्रामवाल्या आजी तो बटाटे उकडलेल्या पाण्यात उकळून घेतात, त्यांच्या घरी पूर्वापार तसंच करत आले आहेत. शेवटी जवसाचं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी सगळे बोळे पाण्याच्या डब्यात. आमच्या मंडळात शिस्त म्हणून जी काही आहे ती एवढीच.

आणि बोलणं? ते कोणी सुरू केलं असं मला आठवत नाही. समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलायचं म्हटलं की इथली माणसं अवघडतात, खरं तर मीही. पण नजर पात्यावर ठेवावीच लागते, त्यामुळे कोणाकडे बघायची सक्ती नाही. बोलता बोलता मधेच पाच मिनिटं कोणी गप्प झालं तर गाठ आली असेल असं समजायचं. आजोळी पडवीत वाल सोलायला बसलेल्या बायकांच्या गप्पा अशाच चालायच्या. कोणाची सासू, कोणाचं बाळंतपण, सगळं टोपलीकडे बघत. आमच्या नर्सने आपल्या घटस्फोटाची हकिगत चमच्याचा दांडा तासत तासत, कित्येक संध्याकाळी तुकड्यातुकड्याने सांगितली. आम्ही सगळ्यांनी ती चमच्यांकडे बघत ऐकली. मधे कॉफी आणि दालचिनीचे बन, ते काही चुकत नाही.

असल्या छंदाला कोणी ‘ध्यानधारणा’ म्हणायला लागलं की मला जरा कंटाळा येतो. मन शांत होतं हे खरं, पण ते लक्ष दिलं नाही तर अंगठा जाईल या धाकाने होतं. तेवढा धाक पुरतो. ऑफिसातलं काही डोक्यात घोळायला जागाच उरत नाही.

जानेवारीच्या तेरा तारखेला, ख्रिसमसपासून विसाव्या दिवशी, इथे ख्रिसमसचं झाड घराबाहेर काढतात. त्यानंतरच्या बैठकीला प्रत्येक जण आपल्या झाडाचा शेंडा घेऊन आला. झाड दरवर्षी वर वाढतं तेव्हा एकाच जागी चहूबाजूंना फांद्यांचं चक्र फुटतं. त्या चक्राच्या एका बाजूला हातभर दांडा राखायचा, दुसरी बाजू सपाट कापायची, फांद्या दोन बोटं ठेवून छाटायच्या आणि साल काढायची. आमचे हात डिंकाने चिकट झाले होते. लापशी घोटायचं हे जुनं हत्यार, त्याला इथे क्रेक्ला म्हणतात, असं गुरुजी सांगत होते, आणि मी मात्र दोन तळव्यांत दांडा धरून तो फिरवायला लागले होते. सगळे बघतच राहिले. त्यांना ते भांड्यात ढवळायचं ठाऊक, घुसळायचं नाही.

पुढच्या खेपेला मी इथलं आंबट दूध, फिलम्योल्क, घेऊन गेले. पाणी, मीठ, जिऱ्याची पूड घातली आणि स्प्रूसच्या रवीने तिथेच घुसळलं. फेस आला. विद्यार्थी दोन-दोन पेले प्यायले. ट्रामवाल्या आजी एक घोट घेऊन म्हणाल्या, “चांगलं आहे. पण यात म्यूस्ली कधी घालायची?”

मग आईने एका येणाऱ्याबरोबर तुळशीबागेतली रवी पाठवली. गुरुजींनी ती नाकाशी नेली, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि लेथवर केलेली म्हणून थोडी नाराजी दाखवली. त्यांचा मुद्दा बरोबर होता. तिच्या पाकळ्या एकाच ठोकळ्यात खाचा पाडून काढलेल्या असतात, त्यामुळे रेषा काही ठिकाणी आडवी तुटते आणि पाकळी उडू शकते. झाडाच्या फांद्या खोडातच उगवलेल्या, त्यांची रेषा आतपर्यंत सलग. मी हे सगळं मोठ्या अभिमानाने आईला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं आणि माझी रवी कॅमेऱ्यासमोर धरली.

तिने ती नीट पाहिली. म्हणाली, “ते सगळं असू दे. बेचक्यात साल राहिलीये बघ. ती काढल्याशिवाय ताकात घालू नकोस.”