असेना कचरा

९ जून २०२५, सोमवार

शटर वर करतोय तोच करसल्लागार सर दारात. सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून आणलेला. "मशीन पार झोपलंय. परवाच रजिस्ट्री साफ केली, तरी ढिम्म हलत नाही."

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगची वही. ती साफ करणाऱ्या, नेटवरून उतरवलेल्या एका क्लीनरची त्यांनी वर्षाची वर्गणी भरलीय. तो चालवला. लाल अक्षरांत बाराशेच्या वर 'एरर'. सर म्हणाले, "बघा, परत तेवढेच!" काही ओळी उघडून पाहिल्या. एक नोंद भंगारात गेलेल्या प्रिंटरची. खाली अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी. त्यातल्या बऱ्याच पेनड्राइव्हवरच्या, आणि पेनड्राइव्ह सरांच्या खिशात. म्हणून 'फाइल सापडत नाही'. याला एरर म्हणायचं तर आपल्या जुन्या फोनडायरीतली वारलेल्या माणसांची नावंही एररच.

१० जून

सरांच्या समाधानासाठी मोजून पाहिलं. आधी बॅकअप घेतला, मग क्लीनरला हवं ते सगळं पुसू दिलं. मशीन चालू होऊन टॅली उघडेपर्यंतचा वेळ मोबाइलवर लावला, साफसफाईच्या आधी आणि नंतर. फरक एक-दोन सेकंदांचा, आणि तेवढा तर काहीच न करता पुन्हा चालू केलं तरी पडतो.

पडणार कुठून? विंडोज काही सगळी रजिस्ट्री वाचत बसत नाही. प्रोग्रॅम नेमका पत्ता देऊन एक नोंद मागतो: अमुक शाखा, तिच्यातली तमुक उपशाखा. प्रत्येक पायरीवर नावं क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे शोध सरळ तिथेच पोचतो. शेजारी प्रिंटरचं मढं पडलंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिस्टिम-३२ मधलं 'कॉन्फिग' फोल्डर उघडून सरांना 'सॉफ्टवेअर' नावाची फाइल दाखवली. ती कित्येक एमबींची. त्यातून गेलं ते फार तर काहीशे केबी. तेही फाइल लगेच आकसत नाही, मोकळी झालेली जागा तिच्या पोटातच राहते.

सर म्हणाले, "मग हे लोक विकतात कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही घेतलंत ना!" हसले बिचारे.

११ जून

खरा रोग टास्क मॅनेजरमध्ये होता. डिस्क शंभर टक्के आणि खाली यायचं नाव नाही. रॅम चार जीबी, दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर, आणि हार्डडिस्क जुनी, ७२०० फेऱ्यांची. मिनिटाला ७२०० म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, वर हेड सरकायचा वेळ. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं तर अशी डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभरच्या आसपास उड्या मारते. साधी एसएसडी हजारोंनी मारते. रॅम भरली की विंडोज त्याच डिस्कवर सामान टाकतं आणि परत उचलतं. तिथं रजिस्ट्री घासूनपुसून काय होणार? एक अँटिव्हायरस काढला, एसएसडी टाकायची ठरली.

१४ जून, शनिवार

आज उलटी केस. एका ऑफिसात डिजिटल सहीचं टोकन लावलं तर सर्टिफिकेट दिसेना. तिथल्या मुलाने आदल्या रात्री क्लीनर चालवला होता. 'बॅकअप घेऊ का' विचारल्यावर 'नको' दाबलेलं. टोकनच्या ड्रायव्हरची कुठली तरी नोंद 'अनाथ' ठरून गेली असावी. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर चाललं.

रजिस्ट्री साफ करायची ही हौस मुळात विंडोज ९५-९८ च्या काळातली. तेव्हा मेमरी कमी आणि रजिस्ट्री वरचेवर बिघडायची. विंडोज ९८ स्वतःच तिच्या पाच प्रती जपून ठेवायचं. मायक्रोसॉफ्टनेही रेगक्लीन नावाचं हत्यार काढलं होतं, ते मागे घेतलं. २००१ च्या एक्सपीत रजिस्ट्रीच्या आकाराची मर्यादाच गेली. आज असल्या क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं कंपनीनेच लिहून ठेवलंय. मार्क रुसिनोविच हे विंडोजच्या पोटात शिरून पाहिलेले गृहस्थ. कचरा असतोच, पण वेगाला त्याने फारसं काही होत नाही, हे ते २००५ मध्येच सांगून मोकळे झाले.

धंदा मात्र थांबला नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्यांच्या 'तपासणी'त गिऱ्हाइकाने 'मशीन हळू चालतं' या चौकटीत खूण केली, की व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. सीक्लीनरची गोष्ट वेगळी: २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी विष कालवलं, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली. सफाईवाल्यालाच किल्ल्या दिल्या की हे होतं.

१८ जून

तरी रजिस्ट्रीला हातच लावू नये असं मी म्हणणार नाही. डीटीपीवाल्यांकडे फायलीवर उजवं क्लिक केलं की गोल चक्र फिरत बसायचं. अर्धवट काढलेल्या एका सॉफ्टवेअरने उजव्या क्लिकच्या मेन्यूत नोंद मागे ठेवलेली, आणि तिचा पत्ता बंद पडलेल्या सर्व्हरवरचा. एक्सप्लोरर दर वेळी त्या सर्व्हरची वाट बघत थांबायचा. मेन्यूतल्या जोडण्या एकेक बंद करत तिच्यापर्यंत पोचलो, ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवली आणि तेवढीच पुसली. मेन्यू लगेच उघडायला लागला. गंमत म्हणजे त्यांच्याकडेही क्लीनर होता. त्याच्या यादीत ही नोंद नव्हतीच.

२१ जून

सर मशीन न्यायला आले. एसएसडी, आठ जीबी रॅम. टॅली चटकन उघडली. खुशीत दिसले, तेव्हाच सांगून टाकलं: प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपतोय. एसएसडी नव्या मशीनलाही लागेल, म्हणून ती वाया नाही. रॅमचं सांगता येत नाही. विवरणपत्रांचा हंगाम उरकला की बघू म्हणाले. क्लीनरची वर्गणी आपोआप कापली जाणार होती, ती बंद कशी करायची ते विचारून घेतलं. बँकेच्या ॲपमधला मँडेट आम्ही काउंटरवर बसूनच रद्द केला.