चढाचा हिशेब

सर्वांत वाईट चढ कोणता, असा वाद सायकलवाल्यांत निघाला की बोलणं लगेच उंचीवर जातं. कोणी आंबेनळीचं नाव घेतं, कारण पोलादपूरहून निघालेला माणूस जवळजवळ समुद्रसपाटीपासून महाबळेश्वरच्या १३५३ मीटरपर्यंत येतो. कोणी बोरघाट सांगतं, कारण मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ तिथंच ठरतो. मला हे मापच पटत नाही. उंची माणसाला दमवते, पण दमणं वेगळं आणि जेरीस येणं वेगळं. आंबेनळीची उंची चाळीसेक किलोमीटरमध्ये वाटली गेली आहे; तिथं घाम निथळतो, दिवस जातो, पण वर पोचल्यावर रस्त्याविषयी मनात कडवटपणा राहत नाही. जेरीस आणतो तो सिंहगड. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत जेमतेम नऊ किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आकड्यांत आंबेनळीच्या निम्म्याहून कमी. तरीही महाराष्ट्रातल्या डांबरी चढांत सर्वांत तापदायक हाच, असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण हे की या चढाला लय नाही.

लयीला इतकं महत्त्व का, हे साध्या गणितातून दिसतं. चढावर वेग इतका उतरतो की वाऱ्याचा विरोध नावापुरता उरतो आणि बहुतेक सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो वजन आणि पायांतून सातत्याने निघणारी १५० वॉट ताकद धरली, तर पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ११ किलोमीटरचा वेग मिळतो, दहा टक्क्यांवर ६ आणि पंधरा टक्क्यांवर जेमतेम ४. ताशी ४ म्हणजे पायी चालण्याचाच वेग. एवढ्या वेगात दोन चाकांवर तोल सांभाळणं हेच वेगळं काम होऊन बसतं. आता पसरणीचा घाट पाहा. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढायचे, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आतच. आणि हा चढ बराचसा एकसारखा आहे. पहिल्या दोन-तीन वळणांत श्वास, पाय आणि गिअर यांचं जमलं की ते पाचगणीपर्यंत जमलेलंच राहतं. सिंहगडाची सरासरी सात टक्क्यांच्या आसपास निघते; कागदावर फरक दोन टक्क्यांचा. पण चार आणि दहा यांची सरासरीही सातच येते, आणि पाय सरासरीवर चालत नाहीत. पाच टक्क्यांवरचा ताशी ११ चा वेग दहा टक्क्यांवर टिकवायचा तर १५० वॉटच्या जागी २७० लागतात. वळण घेतलं की समोर भिंत, ती संपते न संपते तोच थोडं सपाट, श्वास खाली बसायच्या आत पुन्हा भिंत. शरीराला कुठलाच हिशेब बांधता येत नाही.

हा फरक आला तो रस्ता कोणासाठी आखला यातून. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला. तो ओझ्याच्या गाड्यांसाठी होता, आणि बैलालाही लय लागते. मध्येच उभी चढण आली तर तो अडून बसतो. दिवेघाटात माउलींच्या रथाला आजही जादा बैलजोड्या जुंपतात, कारण चढ कमी करता येत नसेल तर ताकद वाढवावी लागते हे जुनं शहाणपण आहे. रेल्वे तर बैलाहून नाजूक. १८६३ मध्ये बोरघाटात जो लोहमार्ग सुरू झाला त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतीसात एक, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. गडाचं उलट असतं. तो डोंगर मुळातच कोणी सहज वर येऊ नये म्हणून निवडलेला. पुढं त्याच्या अंगावर मोटारींसाठी रस्ता नेला, आणि मोटारीला मध्येच आलेली उभी चढण जाचत नाही.

यावर कोणी म्हणेल, जगातले खरे भयंकर चढ पाहा, तिथं तीव्रताच माणसाला मारते. स्पेनच्या आस्तुरियासमधला आंगलिरू घ्या: साडेबारा किलोमीटर, सरासरी दहा टक्के. पण ही सरासरीही फसवीच आहे. पहिला अर्धा भाग त्या मानाने सौम्य, आणि दुसऱ्या अर्ध्यात रस्ता एका ठिकाणी साडेतेवीस टक्क्यांवर जातो. १९९९ मध्ये स्पेनच्या मोठ्या शर्यतीत हा चढ प्रथम आला. २००२ मध्ये पावसात तिथं मोटारीच अडकल्या आणि ब्रिटनच्या डेव्हिड मिलरने अंतिम रेषेपाशी येऊन, ती न ओलांडता, निषेध म्हणून शर्यत सोडली. तीव्रता मी नाकारत नाही. पण मनातून उतरतो तो चढ, जो आधी एक सांगतो आणि मग वेगळंच मागतो.

दुसरा आक्षेप गिअरचा: हलके गिअर बसवा, तक्रार मिटेल. गिअरने फार मोठा दिलासा मिळतो, यात शंका नाही. १९१० मध्ये फ्रान्सच्या शर्यतीत तुर्माले घाट चढणाऱ्यांना गिअर बदलायला उतरून मागचं चाक उलटं बसवावं लागे. चालता चालता गिअर बदलायची मुभा त्या शर्यतीत १९३७ मध्ये आली. आपल्याकडच्या काळ्या, बिनगिअरच्या सायकलवर पॅडलच्या एका फेऱ्याला चाक पाच मीटरहून जास्त धावतं. दहा टक्क्यांवर ताशी ६ च्या वेगाने तिच्यावर मिनिटाला वीस फेरेही पडत नाहीत. म्हणूनच कॅन लावलेला दूधवाला चढापाशी मुकाट्याने उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. त्यात हार नाही, अचूक हिशेब आहे. पण गिअर बदलायलाही पुढं काय येतंय हे कळावं लागतं. भिंतीवर चाक चढल्यानंतर साखळी हलवायला गेलं तर ती कुरकुरते, नाहीतर उतरते.

इतका वाईट चढ, तर रविवारी पहाटे माणसं पुन्हा पुन्हा तिथं का जातात? गडासाठी, वरच्या वाऱ्यासाठी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. हे प्रेम गडावरचं आहे, त्याचं श्रेय रस्त्याला देऊ नये. रस्त्याखालचा डोंगर कोणाला बदलता येणार नाही आणि बदलूही नये. अज्ञान मात्र दूर करता येतं. फ्रान्समधल्या अनेक घाटांत दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी छोटा दगड असतो. त्यावर तिथली उंची आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी चढण लिहिलेली असते. खर्च दगडाचा आणि रंगाचा. आपल्या बांधकाम खात्याने असे दगड पसरणीत, आंबेनळीत, दिवेघाटात लावावेत, आणि सुरुवात सिंहगडाच्या पायथ्यापासून करावी.