राहिलेली पणती

आपले सण मोठ्या मनाचे आहेत. पोळ्याला (आमच्या सातारा भागात त्याला बेंदूर म्हणतात) आपण बैलांना न्हाऊ घालतो, त्यांची शिंगे रंगवतो आणि त्यांना पुरणपोळीचा घास भरवतो. खंडेनवमीला शेतकरी नांगर-कुळवाची, तर सुतार करवत-रंध्याची पूजा करतो. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतात. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वर्षभर दाराआड पडून असलेल्या केरसुणीलाही हळदकुंकवाचा मान मिळतो. ज्याने आपल्यासाठी कष्ट केले, त्याला वर्षातून एकदा तरी आठवावे, हीच या सर्व रीतींमागची शिकवण आहे.

माझ्या आजीला मात्र यात एक उणीव दिसत असे. ती म्हणायची, “बैलाला पुरणपोळी घालतो, केरसुणीला कुंकू लावतो, मग माणसानंच काय पाप केलंय?” आणि ही उणीव भरून काढण्यासाठी तिने आमच्या घरात स्वतःची एक रीत घालून दिली होती.

लक्ष्मीपूजनाची पूजा आटोपली, की घरातील प्रत्येकाने एकेक पणती हातात घेऊन ओट्यावर यायचे. त्या वर्षात ज्याने आपल्यावर काही उपकार केला असेल, अशा एका माणसाचे नाव घ्यायचे आणि मग पणती ओट्याच्या कडेला ठेवायची. नुसते नाव घेऊन भागत नसे. त्या माणसाने काय केले, तेही सांगावे लागे. “नाव तर कोणीही घेईल. काय केलं ते ठाऊक पाहिजे,” असे आजी बजावायची. एके वर्षी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐन पेरणीत रात्री उठून फाळ शेवटून देणाऱ्या लोहाराची पणती लावली होती. मी एकदा आपल्या वाटणीचा अर्धा पेरू मला देणाऱ्या मित्राची पणती लावली, तेव्हा सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. “अर्धा पेरू म्हणजे काही थोडं नव्हे,” एवढेच ती म्हणाली.

मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हाची गोष्ट. साल होते १९७२. आमचे गाव माणदेशातले; तिथे पाऊस मुळातच पाहुण्यासारखा येतो. आधीची वर्षे ओढीचीच गेली होती आणि त्या वर्षी तर पावसाने साफ पाठ फिरवली. शेते उघडी पडली, कणग्या रिकाम्या झाल्या. महाराष्ट्राच्या कितीतरी जिल्ह्यांत तीच स्थिती होती. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला मिलो म्हणत. तिची भाकरी तांबूस होई आणि घशाखाली लवकर उतरत नसे. सरकारने गावोगाव दुष्काळी कामे काढली होती. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबांध, तर कुठे रस्त्यासाठी खडी फोडण्याचे काम चाले. दादा बैलजोडी जगवण्यासाठी तिला घेऊन कृष्णाकाठी माझ्या आजोळी गेले होते. घरी आम्ही चौघे होतो: आजी, आई, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. आई आणि अक्का रोज पहाटे उठून खडी फोडायला जात.

अशा वर्षी दिवाळी आली. नवे कपडे नव्हते, फटाके नव्हते, लाडू-करंज्यांचे नाव नव्हते. करडईचे तेल वाटीभरच उरले होते. आजीने ते नीट मोजून चार पणत्यांत घातले आणि नेहमीप्रमाणे आम्हांला ओट्यावर बोलावले.

पहिली पणती आजीने लावली. आमच्या बैलांना आपल्या गोठ्यात जागा आणि आपल्या उसाचे वाढे देणाऱ्या कृष्णाकाठच्या व्याह्यांची ती पणती. दुसरी आईची. जिच्या विहिरीला अजून पाणी होते आणि जिने कोणत्याही वस्तीच्या बाईला घागर भरताना अडवले नाही, त्या वरच्या आळीतल्या म्हातारीची. अक्काची पणती कामावरच्या एका बाईसाठी होती. बोटावर घाव न बसता दगड कसा फोडावा, हे तिने अक्काला शिकवले होते. मग माझी पाळी आली.

मी पणती हातात घेतली नाही. मनात सारा राग साठला होता. मी म्हणालो, “माझी पणती कोणाचीच नाही. मला या वर्षी कोणी काही दिलेलं नाही.”

ओट्यावर शांतता पसरली. आई काही बोलली नाही. आजी रागावेल असे मला वाटले होते. पण तिने माझी न पेटलेली पणती उचलली, तिच्यातले तेल हळूच पुन्हा वाटीत ओतले आणि वाटीवर झाकण ठेवले. “राहू दे,” ती म्हणाली. “आठवलं की लाव. तुझं तेल ठेवलंय.” त्या रात्री आमच्या ओट्यावर तीनच पणत्या जळत होत्या. चौथी कोरडी पणती त्यांच्या शेजारीच ठेवलेली होती, आणि माझी नजर राहून राहून तिच्याकडेच जात होती.

भाऊबीज झाली, आणि कामे पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी अक्काला ताप भरला. आई एकटीच पहाटे कामावर गेली होती. तिची भाकरी घेऊन दुपारी मला जावे लागले. त्या कामावर मी पहिल्यांदाच जात होतो. उघड्या माळावर शेकडो माणसे रांगेने बसली होती आणि दगडावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज दूरवरून ऐकू येत होता. प्रत्येकापुढे फोडलेल्या खडीचा ढीग होता. जेवढा ढीग भरेल, तेवढी मजुरी. आईला मी लवकर ओळखले नाही. तिने उन्हासाठी पदर कपाळावर ओढून घेतला होता. दगडांच्या कपच्या उडून लागू नयेत म्हणून ती डोळे बारीक करून घाव घालत होती, आणि तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्या चिंध्या तिच्या जुन्या लुगड्याच्या होत्या, हे मला काठावरून कळले.

आई पाणी प्यायला उठली, तेव्हा शेजारच्या बाईने इकडेतिकडे पाहिले आणि आपल्या ढिगातली दोन पाट्या खडी आईच्या ढिगात टाकली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती हसून म्हणाली, “बघतोस काय? आज तुझ्या आईला लेकीची जोड नाही. परवा माझं पोर आजारी होतं, तेव्हा तिनं माझ्या ढिगात टाकल्या होत्या.”

दुपारची सुटी झाली. कामावरच्या माणसांना सुकडी वाटण्यात आली. सुकडी म्हणजे पिठाचा आणि गुळाचा भरड, गोडसर खाऊ. बाकीच्या बायका ती खाऊ लागल्या. आईने मात्र आपल्या वाटणीची सुकडी पदराच्या टोकाला घट्ट बांधली आणि मी आणलेली मिलोची भाकरी सोडली. शेजारची बाई म्हणाली, “आजही बांधलीस? एक घास तरी खा की!” आई म्हणाली, “घरी वाट बघत असतो तो.”

मुलांनो, त्या क्षणी मला जे वाटले, ते आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. रोज संध्याकाळी आई घरी आली, की मी तिच्या पदराची गाठ सोडत असे. ती सुकडी शाळेतल्या मुलांसाठी सरकार पाठवते, अशी माझी समजूत होती. ती खाताना मी कधी आईला विचारले नव्हते, की तू काय खाल्लेस? उलट एक-दोनदा, “आज एवढीच?” असे मी कुरकुरलोही होतो. आणि चार दिवसांपूर्वी तिच्याच समोर उभे राहून मी म्हणालो होतो, “मला कोणी काही दिलेलं नाही.”

मी धावतच घरी आलो. आजी अक्काच्या उशाशी बसली होती. मी म्हणालो, “आजी, माझं तेल आहे का?” तिने काही न विचारता फडताळातली वाटी काढून दिली. दिवेलागणीला मी ओट्यावर जाऊन माझी पणती लावली. आजीने विचारले, “कोणाची?” मी म्हणालो, “आईची.” “काय केलं तिनं?” मला सांगता सांगता रडू आले, पण नियम म्हणजे नियम. आजीने शेवटच्या शब्दापर्यंत सारे ऐकून घेतले.

अंधार पडता पडता आई आली. गावातली दिवाळी केव्हाच सरली होती. साऱ्या आळीत एकच पणती जळत होती, आणि ती आमच्या ओट्यावर. आईने विचारले, “दिवाळी तर झाली, ही कोणाची?” आजी म्हणाली, “त्याची राहिली होती. आज सापडली.” मग ती माझ्याकडे पाहत थांबली. मी नाव घेईन, अशी तिची अपेक्षा असावी. पण मला लाज वाटली. मी मान खाली घातली. इतक्यात वारा आला. आई चटकन खाली वाकली आणि चिंध्या बांधलेल्या त्याच हाताचा आडोसा करून तिने ती ज्योत सांभाळली.

त्या रात्री मी पदराची गाठ सोडली, तेव्हा सुकडीचे चार वाटे केले आणि पहिला आईच्या हातावर ठेवला. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मुकाट्याने तो खाल्ला.

पुढे हायस्कुलात आमच्या गुरुजींनी ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड करून दाखवली. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले, ते जो जाणतो, तो कृतज्ञ. आजीला अक्षरओळखही नव्हती. पण “काय केलं ते ठाऊक पाहिजे,” या तिच्या वाक्यात त्या शब्दाचा सारा अर्थ आला होता, हे मला त्या दिवशी उमगले. मी त्या वर्षी वाईट मुलगा नव्हतो. मी न जाणणारा मुलगा होतो. पण न जाणण्याचेही दुःख दुसऱ्यालाच सोसावे लागते.

त्या दुष्काळात लाखो माणसे अशा कामांवर राबली. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. आमच्या गावाजवळचा पाझर तलाव त्याच वर्षीचा आहे. आपल्या राज्यातल्या कितीतरी रस्त्यांच्या पोटात त्या काळी हातांनी फोडलेली खडी आहे. ती फोडणाऱ्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. म्हणून माझ्या घरी लक्ष्मीपूजनाला एक पणती नाव ठाऊक नसलेल्यांची असते.

आजी गेली, आई गेली. ती पणती कोणाची होती, हे मी आईला कधीच सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे म्हणता म्हणता वर्षे गेली. तिला कळले असेल, असे मन म्हणते; पण खात्री कोण देणार? ती रुखरुख मनात आहे, म्हणूनच आजीच्या रीतीला मी एका नियमाची जोड दिली आहे: पणती ज्याची लावली, त्याला दुसऱ्या दिवशी फराळाचे ताट घेऊन जायचे आणि ती त्याची होती, हे तोंडाने सांगायचे.

२०२० साली, करोनाच्या साथीतल्या दिवाळीत, माझ्या नातीने आमच्या गल्लीतला कचरा रोज उचलून नेणाऱ्या बाईंची पणती लावली. पण नाव विचारल्यावर ती गप्प झाली. ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडाला मुसके बांधून, हातात डबा घेऊन फाटकाशी उभी राहिली. बाई आल्या. नातीने लांबूनच विचारले, “मावशी, तुमचं नाव काय? काल आम्ही तुमची पणती लावली होती.” बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी नाव सांगितले आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं येते मी या गल्लीत; नाव आजच कोणी विचारलं.”

नात आत आली आणि तिने ते नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहिले. मी जवळ जाऊन ते वाचले. जे मला त्या रात्री ओट्यावर जमले नव्हते, ते तिने करून दाखवले होते.