जंगलजेटीच्या पलीकडे

कोकणात शांत किनारा हवा असेल तर हॉटेलांची यादी बाजूला ठेवावी आणि नकाशात खाड्या कुठे आहेत ते बघावं. मुंबईहून मांडव्याला गाडीसकट बोटीनं जाता येतं, त्यामुळे अलिबाग आता मुंबईचं उपनगरच झालं आहे. पुढे काशीद, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. शनिवारी संध्याकाळी यांतल्या कुठल्याही गावात गाडी लावायला जागा मिळाली तर नशीबच म्हणायचं. पण हरिहरेश्वराच्या दक्षिणेला महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री समुद्राला मिळते आणि तिथे किनाऱ्याचा रस्ता तुटतो. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. सावित्रीनंतर भारजा, भारजेनंतर जोग. या तीन नद्यांच्या मुखांमध्ये वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले ही गावं माळेसारखी बसली आहेत. आम्ही यंदाच्या मार्चमध्ये तिकडे जायचं ठरवलं, ते याच हिशेबानं.

बागमांडल्याच्या धक्क्यावर वेश्वीला जाणारी फेरीबोट लागते. सगळा परिसर तिला ‘जंगलजेटी’ म्हणतो. लोखंडी फळी धाडकन सिमेंटवर आदळते, आधी माणसं आणि मोटारसायकली उतरतात, मग मोटारी. पोऱ्या हातवारे करत गाडीला गाडी टेकेल इतकी जवळ लावून घेतो, दार उघडून बाहेर पडायचं तर पोट आत घ्यावं लागतं. एका टेम्पोत कलिंगडं, शेजारी लग्नाला निघालेलं वऱ्हाड. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी अशा आणखी काही खाड्यांवर अशाच बोटी चालतात. किनाऱ्यानं गाडी हाकत दक्षिणेला जायचं तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

खाडीच्या मुखाकडे पुलाचे खांब दिसतात. बाणकोट आणि बागमांडला जोडणारा हा पूल कित्येक वर्षं अर्धवटच पडून राहिला. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग हे माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न. त्याची गाडी अडते ती अशाच खाड्यांपाशी. आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं सरकारनं पुन्हा मनावर घेतलं आहे. “पूल नाही म्हणून तुमच्याकडे अजून शांतता आहे,” असं आमच्यातला एकजण बोटीवरच्या एका गृहस्थांना कौतुकानं म्हणाला. गृहस्थ मंडणगड तालुक्यातले, श्रीवर्धनला मुलीकडे जाऊन परत निघालेले. “शांतता तुमाला हवी, साहेब,” ते म्हणाले, “आमाला रात्री पेशंट न्यायला रस्ता हवा. शेवटची बोट गेली की आमी आपले हितंच.” यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

हे वाक्य पुढच्या सगळ्या प्रवासात सोबत राहिलं. ‘अविकसित किनारा’ म्हणून पर्यटक ज्याच्यावर भाळतो, ती कुणाची तरी रोजची अडचण असते.

वेश्वीहून बाणकोटला जाताना डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खाडी. बाणकोटचा हिंमतगड छोटासा, जांभ्या दगडातला, चढून जायला फारसे कष्ट नाहीत. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या आरमारानं तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला, त्यापाठोपाठ बाणकोटही पडला आणि इंग्रजांनी त्याचं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असं बारसं केलं. तटावरून समोर हरिहरेश्वराचा डोंगर दिसतो. बंदर म्हणून बाणकोटचं एके काळी मोठं नाव होतं. आज गावात शिरल्यावर चहाची टपरी शोधावी लागते.

वेळास तिथून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं हे मूळ गाव. नानांचा जन्म साताऱ्याचा, पण गावाला त्याची फिकीर नाही; त्यांचं स्मारक इथे आहे आणि नानांचं गाव म्हणून ओळख करून देताना आवाज थोडा चढतो. अलीकडची ओळख मात्र कासवांची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्यानं हिंडत होते. २००२ मध्ये वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री मिळून फस्त करत होती. गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू झालं आणि पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी वाचली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पूर्वी अंडी शोधण्यात ज्यांचा हात कुणी धरत नसे, त्यांच्यातलेच काही पुढे घरटी राखू लागले.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून परत जाते. ती पुन्हा कधी वळून बघत नाही. कासवमित्र पहाटे तिच्या पावलांचा माग काढून अंडी उचलतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

सकाळी साडेसहाला सगळे दोरीमागे उभे. कुंपणात प्रत्येक खड्ड्यावर एक टोपली पालथी घातलेली, शेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. कासवमित्र एकेक टोपली उचलत गेला. पहिल्या तीन रिकाम्या. पुण्याहून आलेल्या एका बाई वैतागून म्हणाल्या, “एवढं बुकिंग करून आलो, आणि पिल्लंच नाहीत म्हणजे काय?” चौथ्या टोपलीखाली वाळू हलत होती. मुठीत मावेल एवढं करडं-काळं पिल्लू. अंगाच्या मानानं वल्ही फारच मोठी. वाळूत सोडल्यावर ते आधी थबकलं, मग उजव्या-डाव्या वल्ह्यांनी एखाद्या चाकाच्या खेळण्यासारखं सरकत निघालं. मागे बारीक नक्षी उमटत होती. पहिली लाट आली तिनं त्याला उलटं फेकलं. दुसरीनं पुन्हा. तिसऱ्या लाटेत ते गेलं.

पिल्लांना समुद्राची दिशा कळते ती उजेडावरून. अंधाऱ्या किनाऱ्यावर क्षितिजच सगळ्यांत उजळ असतं. तिथे हॉटेलचे दिवे लागले की पिल्लं रस्त्याच्या दिशेनं चालू लागतात. म्हणून वेळासला किनाऱ्यावर दिवे नाहीत, खुर्च्या नाहीत, उंट आणि घोडागाडी नाही. पर्यटक उतरतात गावकऱ्यांच्या घरी. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरची दुसरी ‘सावनी’. राहायला कुठला किनारा चांगला, या बाबतीत या दोघींची निवड आमच्यापेक्षा पारखून केलेली.

वेळासहून केळशीला जायचं तर किनारा सोडून आत वळावं लागतं, कारण मध्ये भारजा नदीची खाडी. साखरीच्या बाजूनं केळशीची वाळू समोर दिसते आणि तरीही गाडीला डोंगरातून मोठा वळसा पडतो. मार्चमध्ये आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरलेल्या, काजूची लाल-पिवळी बोंडं झाडाखाली पडून आंबलेली. मोबाइलची रेंज येते-जाते.

केळशीत शिरलं की गाडी धीमी करावीच लागते. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि त्यांच्यावरून वाकलेल्या नारळी-पोफळी. जांभ्यानं बांधलेल्या पाखाड्यांवरून चालताना दुपारीही ऊन लागत नाही. पण दहा घरं ओलांडली की त्यांतल्या निम्म्या दारांना कुलूप. ओटीवर झोपाळ्याच्या नुसत्या कड्या. ही घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. एरवी धनी मुंबईत, ठाण्यात, पुण्यात. इथल्या शांततेत अर्धा वाटा खाडीचा आणि अर्धा या कुलपांचा आहे.

किनारा लांबलचक. दक्षिणेला उटंबरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या घुमटांचं महालक्ष्मीचं देऊळ. देवीची चैत्रातली यात्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. टेकाडावर याकूबबाबांचा दर्गा; शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला इनाम दिल्याचं गावात सांगतात. उत्तरेला खाडीच्या तोंडाशी वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. वाळूच्या थरांत मातीची खापरं, विटांचं बांधकाम, हाडं आणि जुनी नाणी सापडली, आणि काही शतकांपूर्वी आलेल्या त्सुनामीनं ही टेकडी उभी केली असावी असं मत त्यांनी मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. वाऱ्यानं साठवलेली वाळू, असंही म्हटलं जातं. सागरी महामार्गाची आखणी या टेकडीवर येताच ती वाचवायची धडपड सुरू झाली. तिथे उभं राहिल्यावर पायाखाली नेमकं काय आहे ते कळत नाही, शंख-शिंपल्यांचे तुकडे तेवढे दिसतात. माहितीचा एक धड फलकही नाही. हा मात्र अविकास नव्हे, शुद्ध हलगर्जीपणा.

राहिलो ते एका घरगुती खानावळीवजा घरात. दोन खोल्या, मागे आगर, विहिरीवर पंप. काकूंनी आल्या-आल्या विचारून घेतलं, “मोदक करायचेत का? करायचे तर आत्ताच सांगा, नारळ खोवायला घेते.” जेवणात फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मासे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागतात, आणि ते शेजारच्या घरातून येतात. संध्याकाळी दोनदा वीज गेली. काकू म्हणाल्या, “येईल हो. निसर्गाच्या वेळी आली नव्हती तेव्हा किती दिवस काढले, ते विचारा.”

निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ. श्रीवर्धनच्या परिसरात ते किनाऱ्याला धडकलं आणि मंडणगड-दापोलीच्या या पट्ट्यालाही झोडपून गेलं. काकूंच्या आगरात नारळ आणि पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. त्या बोट दाखवत गेल्या: इथे हा माड होता, तो पडवीवर पडला, ही रांग सासऱ्यांनी लावलेली. नव्या रोपांच्या झावळ्या आता कुठे डोक्याच्या वर गेल्या आहेत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, माडालाही जवळपास तेवढीच. “आगर गेलं म्हणून खोल्या बांधल्या,” काकू म्हणाल्या. “नाहीतर आम्ही कशाला पाहुणे ठेवतोय?” पर्यटन इथे हौसेनं आलेलं नाही, ते पोफळीच्या जागी आलं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. पाणी उथळ दिसतं, वाळू सपाट असते, म्हणून माणूस बेसावध होतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी पाण्याला जबरदस्त ओढ असते. पट्टीचे पोहणारेही तिथे उतरत नाहीत. उधाण कधी, भांग कधी, हे गावातल्या कुणालाही विचारावं, तिथीवरून सांगतात. आणि गाडी पुळणीवर घालू नये. भरतीत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरनं ओढून काढायचा धंदा दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर चांगला चालतो म्हणे.

केळशीहून आडे-पाडल्याचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. आड्याला भार्गवरामाचं देऊळ, गर्द झाडीत. पुढे रस्ता कड्याच्या पोटातून वळतो आणि आंजर्ले येतं. इथल्या ‘कड्यावरच्या गणपती’चं आजचं देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, मूर्ती उजव्या सोंडेची. देवळाच्या वरच्या सज्जातून खाली नारळींचा हिरवा पट्टा, पलीकडे जोग नदीचं मुख आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग. पूर्वी हर्णैकडून यायचं तर खाडी तरीनं ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे, आणि फरक नजरेत भरतो. किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांवर ‘सी व्ह्यू’च्या पाट्या आहेत, देवळाखाली गाड्यांची रांग. केळशीत काकू खोवलेल्या नारळाचा हिशेब करत होत्या, इथे एक तरुण मालक बुफेचे दर सांगत होता. पण त्याच तरुणानं नोकरीसाठी मुंबई गाठली नाही, गावातच राहिला, हेही खरं. त्याच्या घराला कुलूप नाही.

पूल ओलांडून हर्णैला पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि बंदरावर लिलाव सुरू व्हायच्या बेतात होता. होड्या खोल पाण्यात थांबतात. मासळी छोट्या होडक्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते. पापलेट, सुरमई, बांगडे, कोळंबी यांचे वाटे ओल्या वाळूवरच मांडलेले. बोली लावणारा दर ओरडत झपाझप पुढे सरकतो आणि बघणाऱ्याला कळायच्या आत पाटी कुणाच्या तरी नावावर झालेली असते. पलीकडे मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे), महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. परीक्षेसाठी ते इथून पायी घाट चढून साताऱ्याला गेले होते, आणि वय कमी दिसतं म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच मुरूडच्या किनाऱ्यावर आता पॅराशूट आणि वॉटर स्कूटर आहेत.

आम्ही दोन सुरमया घेतल्या, बर्फात बांधून. कोळीणबाईंनी पैसे मोजून घेत विचारलं, “कुठून आलात?” केळशीहून म्हटल्यावर त्या हसल्या. “केळशीला काय बघायला गेलात? तिथे काय आहे?” मग आमच्या उत्तराची वाट न बघता शेजारच्या गिऱ्हाइकाशी कोळंबीच्या भावावरून भांडायला वळल्या, आणि आम्ही दापोलीचा रस्ता धरला.