टॅग खरा, माल खोटा

भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये मी परत आलेल्या कपड्यांचं काम पाहतो. ऑनलाइन घेतलेला शर्ट गिऱ्हाइकाला पसंत पडला नाही की तो आमच्याकडे येतो. चांगला असेल तर पुन्हा विक्रीला लावायचा, खराब असेल तर बाजूला काढायचा. आणि कुणी खरा ठेवून घेऊन नकली पाठवला असेल, तर तो पकडायचा. सगळ्यात जबाबदारीचं काम हेच, कारण आमच्या हातून निसटलेला नकली नग पुढच्या गिऱ्हाइकाला पूर्ण किमतीत जातो.

पूर्वी नुसता बारकोड असायचा. एका मापाच्या, एका रंगाच्या सगळ्या शर्टांवर तो एकच, आणि छापून घेणं कुणालाही जमण्यासारखं. आरएफआयडी टॅग आले आणि प्रत्येक नगाला स्वतःचा क्रमांक मिळाला. टॅग उजेडात धरला की ॲल्युमिनियमची नागमोडी रेघ दिसते, ती अँटेना. मधोमध खसखशीच्या दाण्याएवढी चिप. बॅटरी नसतेच. रीडरच्या रेडिओ लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. आमचे रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा. बंद पेटी रीडरसमोरून नेली की आतले नग मोजून होतात. चलनापेक्षा माल कमी असेल तर कोणता नग नाही, तेही कळतं. धातूपुढे मात्र लहरींचं चालत नाही. बकलवाल्या पट्ट्यांची पेटी आम्ही आजही उघडून मोजतो.

चिपमध्ये दोन क्रमांक असतात. एक माल तयार करणारा लिहितो. तो कोऱ्या टॅगवर उतरवून घेता येतो. दुसरा चिपच्या कारखान्यातच कायमचा टाकलेला असतो, तो बदलता येत नाही. या दोघांची जोडी आमच्या नोंदीत असते. एका पेटीत हाताने मोजलेल्या नगांपेक्षा रीडर एक नग कमीच दाखवायचा. एकेक शर्ट वेगळा वाचला, तेव्हा दोन शर्टांचा लिहिलेला क्रमांक एकच निघाला. कायमचा क्रमांक ताडून पाहिला आणि नकली कोणता ते तिथल्या तिथे ठरलं.

पण यापेक्षा सोपी फसवणूक माझ्यासमोर उघड केली ती तपासणीच्या टेबलावरच्या मावशींनी. बरीच वर्षं कारखान्यात शिलाई करून त्या आमच्याकडे आल्या आहेत. एक शर्ट त्यांनी उलटा केला, काखेखालच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला हाक मारली. "दादा, मशीन हो म्हणतंय, पण हा शर्ट आपला नाही. टाके बघा किती लांब पडलेत. आपल्याकडे असा नग पासच होणार नाही."

मी दोन्ही क्रमांक तपासले. जोडी जुळत होती, विक्रीची नोंदही बरोबर होती. टॅग अस्सलच होता. तो दोऱ्याने लटकवलेल्या पुठ्ठ्यात होता. कुणीतरी दोरा कापून पुठ्ठा नकली शर्टाला बांधला होता. रीडरने चूक केली नव्हती. त्याला टॅग विचारला, त्याने टॅगचंच उत्तर दिलं. कापडाबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

हे आम्ही माल पाठवणाऱ्यांना नमुन्यासकट कळवलं. आता महागड्या शर्टांचा टॅग बाजूच्या शिवणीत, धुण्याला टिकेल असा शिवून येतो. तो काढायचा तर शिवण उसवावी लागते, आणि उसवलेली शिवण मावशींच्या हातून सुटत नाही. आमच्या टेबलावर आता आधी शिवण तपासायची, मग रीडर लावायचा, असा क्रम आहे. दोन्हींचं एकमत झाल्याशिवाय नग विक्रीला जात नाही. यात वेळ जातो आणि डिस्पॅचवाले घाई करतात. तरीही हा क्रम मी मोडू देत नाही. गिऱ्हाईक पैसे टॅगचे देत नाही, शर्टाचे देतं.