वाटेवरचे नाते

महाडहून रायगडाकडे निघालेली गाडी नाते गावावरून जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली इथलाच. पण शेजाऱ्याला हे सांगेपर्यंत गाव मागे पडलेले असते! प्रवाशाचे डोळे समोरच्या डोंगरांत गड शोधत असतात. पुढे पाचाडला जिजाबाईंच्या समाधीपाशी हात जोडावेत आणि दीड हजारांच्या आसपास असलेल्या पायऱ्यांना भिडावे, ही या यात्रेची जुनी रीत.

१९९६ साली रज्जुमार्ग झाला आणि गुडघे धरलेल्या आजीबाईंनाही गड पाहता येऊ लागला. आता तर पाळण्यातही बसायला नको. खिशातल्या फोनवर शिर्डीची आरती लागते, पंढरीचा विठोबा दिसतो, गडावरच्या जगदीश्वराची चित्रफीतही सापडते. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली. त्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. घरी अडकलेल्या वारकऱ्याला तेव्हा या पडद्यानेच दिलासा दिला. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु आपली भाषा मोठी चोख आहे. दर्शन म्हणजे पाहणे आणि यात्रा म्हणजे जाणे. दोहोंना तिने एकच शब्द दिलेला नाही. पडदा पाहण्याची सोय करतो, जाण्याची नव्हे. आणि जाण्यात काय असते? नात्याच्या थांब्यावर कुणाला तरी वाट विचारायची, चढणीवर ताकवाल्या बाईशी दोन शब्द बोलायचे, दमून बसलेल्या अनोळखी माणसापुढे आपली पाण्याची बाटली धरायची. देवाशी नाते घरबसल्याही जोडता येईल. माणसांशी ते वाटेवरच जुळते. शिवाय सगळ्यांनीच घरून हात जोडायचे ठरवले, तर त्या बाईचे ताक भरल्या भांड्यानिशी खाली जाईल, त्याचे काय?

घरच्या थकलेल्या माणसांना फोनवर जरूर दर्शन घडवावे. ज्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांनी मात्र या सुटीत वाट धरावी. जगदीश्वराच्या देवळाशी एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड उभारणाऱ्या या माणसाने नावासाठी जागा निवडली ती पायरीची. येणाऱ्यांचे पाय तिला लागावेत म्हणून, असे सांगतात. फोनमध्ये ती पायरी अगदी स्वच्छ दिसते. पाय तेवढे लागत नाहीत.