पालखीच्या तळावरील हरवलें-सापडलें

घरांत एखादी वस्तु दिसेनाशी झाली, कीं बायकामंडळींनीं पदराला गाठ मारावी, वडिलांनीं सहस्रबाहु कार्तवीर्यार्जुनाचें स्मरण करावें आणि मुलांनीं पलंगाखालीं शिरावें, असा आपल्याकडील परिपाठ आहे. बहुधा मुलांच्याच उपायाला यश येतें. श्रेय मात्र कार्तवीर्याला मिळतें. घराच्या चार भिंतींत हें ठीक आहे. परंतु जेथें भिंत नाहीं, दार नाहीं, आजचा शेजारी उद्यां दिसेल अशी शाश्वति नाहीं, अशा लक्षावधि माणसांच्या चालत्या गांवांत वस्तु हरविली तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर मला श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालतांना मिळालें. आणि उत्तराबरोबर थोडी शिक्षाहि मिळाली. दोन्हीं वाचकांपुढें ठेवावीं, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या वडील बंधूंना आम्ही दादा म्हणत असूं. त्यांनीं बावीस वाऱ्या पायीं केल्या होत्या. तेविसाव्या वारीचे बेत चालू असतांना माघ महिन्यांत त्यांना देवाज्ञा झाली. दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्यांची तेविसावी वारी मी पुरी करीन." गुडघे दुखतात, वय सत्तरीचें झालें, सोबतीला कोण जाणार, असे अनेक प्रश्न घरांत निघाले. त्यांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मलाच द्यावें लागलें. कारण शाळेंतून निवृत्त झालेला माणूस घरांत रिकामाच समजला जातो.

पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि पुणें, सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद या मार्गानें पुढें जाते. पंढरपूरपर्यंतची ही वाट सुमारें २५० किलोमीटरची. हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, ती आजहि पाळली जाते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. कांहीं दिंड्या रथापुढें, उरलेल्या रथामागें. "आपण कोठले?" असें विचारल्यास वारकरी गांवाचें नांव सांगण्यापूर्वीं आपल्या दिंडीचा क्रमांक सांगतो. या चालत्या गांवांत तोच घराचा पत्ता.

लोणंदहून तरडगांवचा टप्पा लहान, आठेक किलोमीटरांचा. वाटेंत चांदोबाचा लिंब म्हणून ठिकाण आहे. तेथें सोहळ्यांतलें पहिलें उभें रिंगण होतें. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनें दोन अश्व धांवतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते, कारण त्यावर साक्षात् माउली बसतात अशी भावना आहे. अश्व निघून गेले, कीं त्यांच्या टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं एकच झुंबड उडते. त्या झुंबडींत वहिनीहि वांकल्या. उठल्या तेव्हां त्यांच्या खांद्याला अडकविलेली पिशवी नव्हती.

वरून पावसाची सर आली होती. आम्हीं अर्धा तास चिखल तुडविला. वहिनी रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या व "भाऊजी, माझें सगळें गेलें हो," एवढेंच पुनः पुनः म्हणूं लागल्या. त्या पिशवींत काय आहे, हें मीं आळंदीपासून कधीं विचारलें नव्हतें. प्रवासांत बाईमाणसाच्या पिशवींत पैसे असावयाचे, असें मीं मनाशीं धरून चाललों होतों. तेव्हांहि मीं विचारलें नाहीं. रडणाऱ्या माणसाला काय विचारावयाचें, असें वाटलें.

चालतां चालतां मला आमच्या लहानपणचें गांव आठवलें. कोणाची गाय चुकली, कोणाची बुगडी नदीवर पडली, तर पाटलाकडे वर्दी जाई आणि संध्याकाळीं चावडीपासून वेशीपर्यंत दवंडी फिरे. दुसऱ्याच्या पिकांत शिरलेलें जनावर कोंडवाड्यांत अडकवीत. या बाबतींतील १८७१ चा कायदा मोठा पाहण्यासारखा आहे. सात दिवसांत मालक न आल्यास पोलिसांनीं जनावरांची संख्या व वर्णन, तीं कोठें पकडलीं व कोठें कोंडलीं, हें लिहून नोटीस लावावी, गांवांत व जवळच्या बाजारांत दवंडी पिटावी, आणि त्यानंतरहि सात दिवस कोणी न आल्यास लिलांव करावा, असें त्यांत सांगितलें आहे. कायदा सरकारचा, पण रीत गांवची: आधीं चारचौघांत सांगणें, मग वाट पाहणें, मग निकाल.

वारींत तीच रीत संध्याकाळच्या समाज-आरतींत पाळली जाते. तरडगांवच्या माळावर पालखी आली. सर्व दिंड्यांनीं तिच्याभोंवतीं मोठें कडें केलें. हजारों टाळ आणि शेंकडों मृदंग एकदम वाजत होते. शेजारच्याचा शब्द ऐकूं येत नव्हता. इतक्यांत चोपदारांनीं हातांतला दंड उंच केला आणि सारा माळ क्षणांत नि:शब्द झाला. मीं पस्तीस वर्षें वर्गांत छडी आपटली. तिला चाळीस मुलांत जें साधलें नाहीं, तें या दंडाला लाखांत साधतें! एखाद्या दिंडीचें गाऱ्हाणें असेल, तर तेवढी दिंडी टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याजवळ जाऊन तिचें म्हणणें ऐकतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी वाचतात, उद्यांच्या प्रस्थानाची वेळ सांगतात, आणि मग आरती होते. कोणाचा चष्मा, कोणाचें घड्याळ, कोणाचा भ्रमणध्वनि, कोणाची पडशी. वस्तु कोणतीहि असो, आरतीपूर्वीं तिचा उच्चार होतो.

मीं लगबगीनें आमच्या दिंडीप्रमुखांकरवीं वर्दी दिली: "पैशांची पिशवी, रंग हिरवा, चांदोबाच्या लिंबापाशीं हरवली." ती मोठ्यानें वाचली गेली. कोणी पुढें आलें नाहीं. रात्रीं तंबूंत वहिनींनीं भाकरी घेतली नाहीं. मीं म्हणालों, "पैसे जाऊं द्या, वहिनी. माझ्यापाशीं आहेत." त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशीं फलटणचा मोठा टप्पा, वीस-एकवीस किलोमीटरांचा. वहिनी चालल्या, पण मुखांत अभंग नव्हता. फलटणच्या तळावर पुनः दंड वर झाला, पुनः शांतता पसरली, पुनः यादी सुरू झाली. "एक जांभळी पिशवी सांपडली आहे. आंत वही आहे. रथामागील दिंडीपाशीं चौकशी करावी." मी दुसरीकडेच पाहत होतों. वहिनींनीं माझी बाही घट्ट धरली. "भाऊजी, आपली!"

"आपली हिरवी ना?" मीं विचारलें.

"जांभळी. पुण्याहून निघाल्यापासून तुमच्या डोळ्यांसमोर होती."

त्या दिंडीच्या राहुटींत गेलों. दिंडीचे प्रमुख परभणीकडचे एक वृद्ध शेतकरी होते. त्यांनीं पिशवी धोतराच्या सोग्याखालीं झांकून ठेवली आणि मला विचारलें, "मास्तर, आंत काय काय हाय, सांगा." मीं ठसक्यांत सांगितलें, "एक वही आणि हजार-बाराशें रुपये." ते नुसते मान हलवीत राहिले. तेव्हां वहिनी पुढें झाल्या. "तुळशीची माळ आहे. बुक्क्याची लहान पितळी डबी आहे. हातानें लिहिलेला हरिपाठ आहे, आणि एक अर्धी पेन्सील आहे, मागच्या बाजूनें चावलेली. पैसा एकहि नाहीं. पैसे माझ्या कमरेला आहेत." म्हाताऱ्यानें हात जोडले आणि पिशवी त्यांच्या ओंजळींत ठेवली.

त्या क्षणीं मला माझीच विद्या आठवली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे, कीं बेवारशी धन राजानें तीन वर्षें सांभाळावें. जो "हें माझें" म्हणून येईल त्यास त्याचें रूप व संख्या विचारावी. आणि हरविल्याचें स्थळ, काळ, रंग, आकार व प्रमाण ज्यास खरें सांगतां येत नाहीं, त्यास त्या धनाएवढा दंड करावा. याज्ञवल्क्यानें मुदत एक वर्षाची सांगितली आहे. हे श्लोक मीं आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतले. पण परीक्षा माझी झाली तेव्हां स्थळ-काळापुरतेच गुण मिळाले. रंग चुकला, आंतील वस्तु चुकल्या. त्या निरक्षर शेतकऱ्यानें मनूचें नांवहि कदाचित् ऐकलें नसेल. न्याय मात्र त्यानें मनूचाच केला.

माझ्या चुकीची खरी किंमत पुढें कळली. पिशवी त्या दिंडींतील एका मजूर बाईला चिखलांत सांपडली होती. तिनें ती प्रमुखांना दाखविली, पण तिची वर्दी चोपदारांपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच तरडगांवची आरती उभी राहिली. आरतींत हिरव्या, पैशांच्या पिशवीची हांक तिनें ऐकली आणि ती गप्प बसली. तिच्याजवळची जांभळी होती व पैसा एक नव्हता! मीं वहिनींना दोन शब्द विचारले असते, तर त्यांची ती रात्र उपाशी गेली नसती.

ती बाई राहुटीच्या कडेला उभी होती. मीं शंभराच्या कांहीं नोटा काढल्या. १८७२ च्या करारकायद्यांत असें आहे, कीं वस्तु सांपडलेल्यास आपल्या श्रमाबद्दल दावा करतां येत नाहीं, पण मोबदला मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवतां येते. आणि मालकानें ठराविक बक्षीस जाहीर केलें असल्यास तें दावा करूनहि मिळवितां येतें. उलट, मालक शोधण्याचा योग्य यत्न न करतां वस्तु गिळंकृत करणें हा गुन्हा आहे. पूर्वीं तो दंडसंहितेच्या ४०३ व्या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमांत आहे. बाईला यांतील एकहि कलम ठाऊक नव्हतें. ती नोटांकडे न पाहतां वहिनींना म्हणाली, "माउली, वही भिजली व्हती. मला वाचाया येत न्हाई. पण कुनी एवढं लिव्हलंय, तर वाळवावं म्हनून चुलीपाशी एक एक पान धरलं. काही चुकलं आसंल तर पदरात घ्या."

वहिनींनीं वही उघडली. शाईनें लिहिलेला हरिपाठ फुटून निळा डाग झाला होता. माझा जीव कळवळला. पण वहिनी भराभर पानें उलटून शेवटाकडे गेल्या. तेथें दादांनीं पेन्सिलीनें प्रत्येक वारीबद्दल दोन-दोन ओळी टिपल्या होत्या: कोठें पाऊस लागला, कोणी भाकरी दिली, कोण भेटलें, कोण यंदा दिसलें नाहीं. पेन्सिलीला पाणी बाधत नाहीं. बाविसाच्या बावीस नोंदी शाबूत होत्या.

"हरिपाठ मला पाठ आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हें पाठ नव्हतें."

मग त्यांनीं त्या बाईच्या पायांना हात लावला, आणि बाईनें त्यांच्या. वारींत वय, जात, शिक्षण न पाहतां एकमेकांना नमस्कार करण्याची चाल आहे. ती मीं शेंकडों वेळां पाहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशीं पाहिला.

वाचकांस या अनुभवावरून एकच सुचवावेसें वाटतें. वस्तु हरविल्यास लगेच चारचौघांत सांगावें, लाजूं नये. पण सांगण्यापूर्वीं ज्याची वस्तु त्याला विचारावें. घरांतील कर्त्या पुरुषानें सर्वांच्या वतीनें बोलावें ही आपली संवय आहे. बोलण्यास हरकत नाहीं, पण आधीं ऐकलेलें असावें.

पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांत वहिनींनीं दादांची माळ पाण्याला लावली आणि परत गळ्यांत घातली. नंतर ती चावलेली पेन्सील काढून वहींत कांहीं लिहिलें. या खेपेस मीं विचारून वही पाहिली. दादांच्या अक्षराखालीं त्यांच्या थरथरत्या अक्षरांत लिहिलें होतें: "तेविसावी. लिंबापाशीं पाऊस. फलटणला माउली भेटली."